रेबुन बेटावरची खोकडं आणि बारा वर्षांनी उमगलेला आजार

जपानच्या होक्काइदो बेटाच्या वायव्य टोकाला वाक्कानाई बंदर आहे. तिथून बोटीनं दोनेक तास गेलं की रेबुन लागतं. ऐंशी-एक चौरस किलोमीटरचं हे छोटं बेट मासेमारी, कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि सी-अर्चिन नावाचा काटेरी समुद्री जीव यांच्यावर जगतं. 1924 ते 1926 या काळात या बेटावर लाल खोकडांच्या बारा जोड्या आणून सोडल्या गेल्या. त्यामागे दोन हेतू होते. बेटावर व्होल नावाचे आखूड शेपटीचे, कोवळी साल कुरतडणारे उंदीर माजले होते, त्यांचा बंदोबस्त व्हावा, हा पहिला. खोकडाच्या फरला त्या काळी चांगला भाव होता, तेव्हा चार पैसे सुटावेत, हा दुसरा.

ही खोकडं कुरिल द्वीपमालेतल्या शिमुशिर बेटावरून आणली होती. त्या शिमुशिरवरही काही वर्षं आधी फरसाठी बेरिंग बेटावरचे खोकड नेलेले होते. असा एका बेटावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर प्राण्यांचा प्रवास झाला. त्यांच्या आतड्यात काय आहे हे पाहण्याची तेव्हा रीत नव्हती, आणि पाहिलं असतं तरी त्याचा अर्थ लावण्याइतकं ज्ञान जगात कुणाकडेच नव्हतं.

रेबुनच्या एका रहिवाशाच्या यकृतातल्या विचित्र वाढीची नोंद जपानी वैद्यकीय साहित्यात 1937 मध्ये झाली. खोकडं बेटावर उतरल्याला तोवर दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. पुढच्या काळात या चिमुकल्या बेटावरच्या शंभराहून अधिक माणसांना तोच आजार झाला. वन्य मांसाहारी प्राण्यांच्या आतड्यातले कृमी माणसाच्या आरोग्याशी कसे जोडलेले असतात हे समजून घ्यायला मला याहून स्वच्छ उदाहरण माहीत नाही. प्राणी केव्हा आले, कुठून आले, किती आले आणि पुढे काय झालं, हे सगळं इथे ठाऊक आहे. शिवाय बेट असल्यामुळे चहूबाजूंनी हद्द आखलेली आहे.

कृमी किती आणि केवढा

या कृमीचं नाव एकिनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस. तो पट्टकृमीच आहे, पण पट्टकृमी म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी हातभर लांब फीत इथे विसरायला हवी. पूर्ण वाढलेला कृमी जेमतेम दोन ते चार मिलिमीटरचा असतो आणि त्याला चार-पाच खंड असतात. खोकडाच्या लहान आतड्यात असे शेकडो, कधी हजारो कृमी असू शकतात आणि तरी त्या प्राण्याला काही होत नाही. तो खातो, पळतो, पिलं वाढवतो. बाहेरून बघून बाधित खोकड ओळखता येत नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

खोकडाच्या पोटात गेल्यावर साधारण महिन्याभरात कृमी अंडी देऊ लागतो. ही अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. प्रत्येक अंडं मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढं असतं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही. गवतावर, रानफळांवर, ओढ्याच्या काठी ती पसरतात. व्होलनं ती खाल्ली की आतली अळी त्याच्या आतड्याची भिंत भेदून रक्तातून यकृतात पोचते, तिथे द्राक्षाच्या घोसासारखी वाढते, आणि दोनेक महिन्यांत खोकडाला बाधा करण्याजोगी होते. यकृत पोखरलेला व्होल सुस्तावतो आणि सहज पकडला जातो. खोकड त्याला खातं आणि चक्र पुरं होतं.

एक महिना खोकडात, दोन महिने व्होलमध्ये. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण या प्रकरणातला सगळा पेच या आकड्यांत आणि पुढच्या एका आकड्यात आहे.

माणूस या चक्रात चुकून शिरतो. अंडी हाताला लागून तोंडात गेली, ओढ्याच्या पाण्यातून गेली, न धुतलेल्या भाजीतून गेली, की व्होलमध्ये होतं तेच माणसातही होतं, फक्त फार सावकाश. माणसाच्या यकृतात ही अळी वाढून लक्षणं दिसायला 5 ते 15 वर्षं लागतात. तोवर माणसाला काहीही जाणवत नाही. मग पोटात उजवीकडे जडपणा, दुखणं, कधी कावीळ. तोपर्यंत यकृताचा मोठा भाग व्यापलेला असतो, आणि वाढ फुप्फुसांत किंवा मेंदूतही पोचलेली असू शकते. उपचार नसतील तर दहा-पंधरा वर्षांत बाधितांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माणसं दगावतात. परजीवींमुळे होणाऱ्या आजारांत इतकी मारक उदाहरणं थोडी आहेत.

डॉक्टरांना काय दिसत होतं

1930 आणि 1940 च्या दशकांत रेबुनच्या रुग्णाचं पोट उघडणाऱ्या शल्यचिकित्सकाला कॅन्सरसारखी दिसणारी गाठ दिसे. कडक, पांढरट, स्पंजासारखी छिद्रं असलेली, आजूबाजूच्या ऊतींत मुळं रोवून बसलेली. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिला कॅन्सरचाच एक प्रकार समजत. 1855 मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी ही वाढ परजीवीची आहे हे दाखवलं. तरीही तो परजीवी नेमका कुठला, हा वाद पुढची शंभर वर्षं चालला. मेंढ्या आणि कुत्र्यांमधल्या, हायडॅटिड आजार (पाण्यानं भरलेली गाठ) देणाऱ्या कृमीचाच हा एक अवतार, असं अनेकांचं मत होतं.

तो वाद मिटला 1950 च्या दशकात. अलास्काजवळच्या सेंट लॉरेन्स बेटावर रॉबर्ट राउश आणि एव्हरेट शिलर यांनी ध्रुवीय खोकड आणि व्होल यांच्यामधलं चक्र उलगडलं, आणि जर्मनीत हान्स फोगेल यांनी युरोपातला कृमी तोच आहे आणि तो स्वतंत्र जात आहे हे सिद्ध केलं. म्हणजे रेबुनवर खोकडं सोडली तेव्हा त्यांच्यापासून माणसाला धोका आहे हे सांगू शकेल असं पुस्तक नव्हतं. त्यामुळे 1924 सालच्या अधिकाऱ्यांना दोष देणं मला पटत नाही. पण एक गोष्ट त्या काळीही ठाऊक होती. प्राणी एकटा येत नाही, अंगावर आणि पोटात बरंच काही घेऊन येतो, हे तेव्हाचा कुठलाही पशुपालक सांगू शकला असता. बेटावर नवा मांसाहारी प्राणी सोडताना हिशेब मांडला गेला तो फक्त उंदरांचा आणि फरचा.

आजही असंच घडताना दिसतं, म्हणून एक उदाहरण इथेच सांगतो. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर ध्रुवीय खोकड पूर्वीपासून होते, पण व्होल नव्हते, त्यामुळे हा कृमी तिथे टिकू शकत नव्हता. विसाव्या शतकात ग्रुमान्त या रशियन खाणवस्तीच्या आसपास जहाजांतल्या मालासोबत एक व्होल पोचला आणि रुजला. 1999 च्या सुमारास त्या व्होलमध्ये हा कृमी सापडला. रेबुनवर खोकड आणला, स्वालबार्डवर उंदीर. चक्राचा जो अर्धा भाग नव्हता, तो दोन्हीकडे माणसानं पुरवला.

बेटानं आजार कसा संपवला

दुसऱ्या महायुद्धानंतर होक्काइदोच्या प्रशासनानं रेबुनच्या रहिवाशांची पाहणी सुरू केली. उपाय ठरला तो कठोर होता. खोकडांचा नायनाट करण्यात आला, आणि बेटावरची कुत्रीही मारण्यात आली, कारण व्होल खाणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यातही हा कृमी तितकाच सुखानं राहतो. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेटावरचं चक्र तुटलं.

ते का तुटलं याचं गणित सोपं आहे. जर्मनीत केलेल्या प्रयोगांत थंड-ओलसर हवेत ही अंडी उघड्यावर आठ महिन्यांपर्यंत, तर उन्हाळ्यात अडीच महिन्यांपर्यंत तगून राहिली. व्होलचं आयुष्यही एक-दोन वर्षांपलीकडे जात नाही. अंडी टाकणारा प्राणीच उरला नाही की थोड्या काळात जमिनीतली अंडी मरतात, बाधित व्होल मरतात, आणि समुद्रापलीकडून नवा खोकड येत नाही.

माणसांमधला आजार मात्र तेव्हा संपला नाही. आधीच अंडी पोटात गेलेली माणसं बेटावर होती, काही बेट सोडून इतरत्र गेली होती, आणि त्यांच्यात लक्षणं दिसत राहिली ती पुढची कित्येक वर्षं. खोकड नाही, कुत्रं नाही, कृमी नाही, आणि दवाखान्यात नवा रुग्ण येतोच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की उपाय फसला. प्रत्यक्षात उपाय पूर्ण यशस्वी झाला होता.

रेबुनचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. या आजारात रुग्णांची संख्या आजची परिस्थिती सांगत नाही, ती दहा वर्षांपूर्वीची सांगते. कृमीचं चक्र वर्षातून दोन-चार वेळा फिरतं आणि माणसात त्याचा पत्ता लागतो एका तपानं. रुग्ण दिसल्यावर जागं व्हायचं ठरवलं, तर तोवर कृमीच्या कित्येक पिढ्या होऊन प्रदेश व्यापलेला असतो.

होक्काइदोत तेच, पण हद्द नसलेलं

1960 च्या दशकाच्या मध्यात होक्काइदोच्या अगदी दुसऱ्या, पूर्वेच्या टोकाला नेमुरो भागात रुग्ण सापडले. रेबुनशी या भागाचा संबंध नव्हता. हिवाळ्यात समुद्र गोठतो तेव्हा कुरिल बेटांकडून बर्फावरून खोकडं आली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काही वर्षं असं मानलं गेलं की आजार पूर्वेच्या थोड्या तालुक्यांपुरताच आहे. त्यानुसार तपासणीही तिथेच होत होती.

हा समज मोडला डुकरांनी. 1980 च्या दशकात, ज्या भागांत आजार नाही असं धरलं होतं तिथल्या डुकरांच्या यकृतात कत्तलखान्यातल्या तपासणीत या कृमीच्या खुणा सापडू लागल्या. डुकरातही माणसासारखीच चुकून बाधा होते, त्याच्यात अळी पुरती वाढत नाही, पण यकृतावर पांढरे डाग उमटतात. मांसासाठी वाढवलेलं डुक्कर साधारण सहा महिन्यांचं झालं की कापलं जातं. त्याच्या यकृतात डाग दिसला, तर त्या फार्मच्या आसपास गेल्या सहा महिन्यांत बाधित खोकडाची विष्ठा पडलेली आहे, हे ठाम सांगता येतं. माणसाच्या सोनोग्राफीतून जे दहा वर्षांनी कळलं असतं, ते कत्तलखान्यातल्या मांस-निरीक्षकाच्या टेबलावर सहा महिन्यांत कळलं. पुढे खोकडांची तपासणी वाढवल्यावर चित्र स्पष्ट झालं. 1990 च्या दशकापर्यंत कृमी होक्काइदोभर पसरलेला होता, आणि अलीकडच्या दशकांत तिथल्या खोकडांतलं बाधेचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे.

इथे रेबुनचा उपाय लागू करता येत नाही. होक्काइदो आकारानं जवळपास महाराष्ट्राच्या चौथाईएवढं आहे. तिथली सगळी खोकडं मारणं अशक्य आहे. शक्य असतं तरी मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो नसतो. खोकड तिथला मूळचा रहिवासी आहे, रानातल्या उंदरांना आळा घालतो, आणि एका भागातली खोकडं मारली की मोकळ्या झालेल्या हद्दीत बाहेरची तरुण खोकडं शिरतात, त्यांच्यासोबत त्यांचे कृमीही. शिवाय खोकड आता साप्पोरोसारख्या वीस लाखांच्या शहरातही राहतं. बागांमध्ये, नदीकाठी, घरांच्या मागे त्याचा वावर आहे. काही पर्यटक त्याला खाऊही घालतात, आणि रस्त्यावर गाडीजवळ येणारं खोकड दिसलं की फोटोसाठी हात पुढे करतात.

मग करायचं काय? खोकडाला मारण्याऐवजी त्याचं पोट साफ करायचं. प्राझिक्वांटेल हे औषध आतड्यातला हा कृमी मारतं. ते खाद्याच्या गोळ्यांमध्ये भरून खोकडांच्या बिळांजवळ टाकलं, तर खोकड ते खातं. होक्काइदोच्या कोशिमिझु परिसरात 1990 च्या दशकाच्या अखेरीस हा प्रयोग झाला आणि विष्ठेत अंडी सापडण्याचं प्रमाण घटलं. युरोपात झुरिकसारख्या शहरातही महिन्या-महिन्याला अशा गोळ्या टाकून तसाच परिणाम मिळाला. अडचण एकच आहे, पण मोठी आहे. औषध त्या दिवशी पोटात असलेले कृमी मारतं, उद्याच्या बाधेपासून वाचवत नाही. दुसऱ्या दिवशी खोकडानं बाधित व्होल खाल्ला की महिन्याभरात पुन्हा अंडी सुरू. म्हणून गोळ्या टाकणं थांबलं की प्रमाण पुन्हा चढतं. हा खर्च दरवर्षीचा आहे आणि तो तसाच धरावा लागतो.

कुत्र्यांच्या बाबतीत काम सोपं आहे. सेंट लॉरेन्स बेटावरच्या सावुंगा गावात कुत्र्यांना दर महिन्याला प्राझिक्वांटेल देण्याचा कार्यक्रम दहा वर्षं चालला. गावाभोवतीच्या व्होलमधलं बाधेचं प्रमाण 29 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलं. खोकड तसेच राहिले, फक्त गावातली कुत्री साफ झाली, तरी इतका फरक पडला. महिना हे अंतर कृमीच्या घड्याळावरूनच ठरलेलं आहे, कारण अंडी सुरू होण्याआधी औषध पडलं पाहिजे. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे हे देश बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला प्रवेशाआधी 24 ते 120 तासांत हे औषध दिल्याचा दाखला मागतात, तोही याच कृमीसाठी. जपानमध्ये 2004 पासून कुत्र्यात हा कृमी सापडला की पशुवैद्यानं सरकारला कळवणं बंधनकारक आहे.

माणसांसाठीचे उपाय साधे आहेत आणि होक्काइदोत लहान मुलांनाही ठाऊक आहेत. ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, रानातली फळं आणि भाज्या धुऊन खाव्यात, खोकडाला हात लावू नये, खायला घालू नये, मातीत काम केल्यावर हात धुवावेत. रहिवाशांसाठी रक्ततपासणी असते आणि संशय आल्यास सोनोग्राफी. गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रियेनं पूर्ण काढता येते. उशीर झाला तर अल्बेंडाझोल हे कृमींवरचं औषध वर्षानुवर्षं, कित्येकदा जन्मभर घ्यावं लागतं. ते वाढ रोखून धरतं, पण बहुतेकदा कृमीला पुरता मारत नाही.

2014 मध्ये होन्शू या जपानच्या मुख्य बेटावर, आइची प्रांतातल्या चिता द्वीपकल्पात, एका भटक्या कुत्र्याच्या विष्ठेत हा कृमी सापडला. पुढच्या वर्षांत तिथली आणखी कुत्री बाधित आढळली. या वेळी खबर प्राण्याकडून आधी आली आहे. आता तिथली कुत्री आणि उंदीर सातत्यानं तपासण्याचं काम रुग्णांची वाट न बघता करता येतं.

आपल्याकडचा भाऊबंद

मल्टिलोक्युलॅरिसचं घर उत्तर गोलार्धातला थंड पट्टा आहे. जगात दरवर्षी अंदाजे 18,000 माणसांना त्याची बाधा होते आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक चीनमध्ये, मुख्यतः तिबेटच्या पठाराकडच्या भागांत. महाराष्ट्रात आपल्याला भेटतो तो त्याचा भाऊबंद, एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. त्याचे अंतिम पोशिंदे, म्हणजे ज्यांच्या आतड्यात तो पूर्ण वाढून अंडी देतो ते प्राणी, कुत्रा, लांडगा आणि कोल्हा, आणि मधला टप्पा मेंढ्या, शेळ्या, गायी-म्हशी, डुकरं. माणसात त्याची पाण्यानं भरलेली गाठ होते, तिलाच आपण हायडॅटिड म्हणतो. ती कॅन्सरसारखी पसरत नाही, त्यामुळे धोका कमी, पण फुटली तर जीव जाऊ शकतो. आपल्याकडे तिच्या शस्त्रक्रिया नेहमीच होत असतात.

इथेही डुकरांनी दाखवलेली खिडकी उघडी आहे. मुंबई परिसरातल्या कत्तलखान्यांतून आलेल्या जनावरांमध्ये या गाठी सापडल्याचं संशोधन प्रसिद्ध आहे. गाठ असलेलं यकृत किंवा फुप्फुस उकिरड्यावर फेकलं की ते कुत्रं खातं, आणि गावाच्या कडेला असेल तर कोल्हाही. म्हणून असे अवयव जाळायला किंवा खोल पुरायला हवेत, आणि कोणत्या तालुक्यातल्या जनावरात गाठ निघाली याची नोंद पशुसंवर्धन खात्यापुरती न राहता जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत पोचायला हवी. धनगराच्या कळपासोबतच्या कुत्र्याला वेळच्या वेळी प्राझिक्वांटेल मिळालं तर माणूस, मेंढी आणि त्याच माळावरचा लांडगा, तिघांच्याही वाट्याची बाधा घटते.

दख्खनच्या माळरानावर लांडगा, कोल्हा, खोकड यांची विष्ठा गोळा करून त्यांचा आहार अभ्यासणारे तरुण विद्यार्थी आता बरेच आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी खास सांगायच्या आहेत. विष्ठा सुकलेली, निरुपद्रवी दिसली तरी हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय ती फोडू नये. आणि नमुने घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले म्हणजे सुरक्षित झाले असं समजू नये. उणे 20 अंशांवर ही अंडी जिवंत राहतात, स्पिरिट आणि नेहमीच्या जंतुनाशकांनीही मरत नाहीत. उणे 70 ते 80 अंशांच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवल्यावर किंवा चांगली उष्णता दिल्यावरच मरतात. नमुना हाताळण्याआधी त्यातलं थोडं जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कृमींच्या तपासणीसाठी द्यावं. आहाराचा अभ्यास होतोच आहे, त्याच पिशवीतून त्या माळावर कोणते कृमी फिरताहेत हेही कळेल.